टेक्स्ट फाइट टूर्नामेंटमध्ये जिंकलं कोण, हे पंच नेमकं कशावरून ठरवतात?

भालाईत

गेल्या आठवड्यात माझी सेमीफायनल संपली आणि मी हरले. वाईट वाटलंच, पण धागा त्यासाठी काढलेला नाही. निकाल वाचल्यापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय की आपण ज्याला टेक्स्ट फाइट म्हणतो त्यात पंच मोजतात तरी काय?

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोघं जण आपापलं कॅरेक्टर घेऊन उतरतात आणि आळीपाळीने पोस्ट लिहितात. मुख्य नियम असा की वार तुम्ही करायचा पण तो लागला असं तुम्ही लिहायचं नाही. "तिने भाला त्याच्या खांद्याच्या रोखाने हाणला" हे चालतं, "भाला त्याच्या खांद्यात घुसला" हे चालत नाही, तो ऑटोहिट झाला. लागला का, किती लागला, हे समोरचा त्याच्या पोस्टमध्ये लिहिणार. म्हणजे आपल्या जखमा आपणच लिहायच्या, आणि ज्याला जिंकायचंय तोच स्वतःच्या जखमा लिहिणार म्हटल्यावर पंच लागणारच.

आमची फाइट अशी होती, प्रत्येकी ५ पोस्ट, एका पोस्टला ५०० शब्दांची मर्यादा, तीन पंच. जागा म्हणजे कोरडी पडलेली विहीर, कडेने गोल पायऱ्या आणि मधोमध लोंबणारा दोर. माझं कॅरेक्टर भालेवाली, डावा गुडघा अधू, हे बायोमध्येच (कॅरेक्टरच्या ठरलेल्या माहितीत) लिहिलेलं. समोरच्याचं कॅरेक्टर धुकं होऊ शकतं पण त्यासाठी त्याला आधी एक पूर्ण श्वास आत घ्यावा लागतो, हेही त्याच्या बायोत आहे. माझ्या तिसऱ्या पोस्टमध्ये मी त्याला भिंतीशी रेटलं आणि तो श्वास पुरा व्हायच्या आत उजव्या खांद्यावर भाला हाणला. त्याच्या उत्तरात तो दोन्ही हातांनी दोर धरून सरसर वर चढतोय! खांद्याचं नावच नाही. लागला म्हणून नाही, चुकवला म्हणून नाही, वार झालाच नाही अशी पोस्ट. वर शेवटची पोस्ट त्याची होती आणि त्यात त्याने नवीनच हल्ला केला, ज्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पोस्टच उरली नव्हती.

निकाल जसाच्या तसा देते: "दोघांनीही छान लिहिलं. वातावरणनिर्मितीत समोरचा सरस वाटला. २-१." बस एवढाच.

मला तो निकाल बदलून नकोय. मला एवढंच कळून घ्यायचंय की त्या भाल्याचं काय झालं.

जुनी_वही

अगदी मनातलं लिहिलंस गं. मी चॅटरूमच्या काळापासून हे खेळतेय, तेव्हा टी-वन आणि टी-टू असे प्रकार असायचे. टी-वन म्हणजे आळीपाळीने, निवांत, परिच्छेदच्या परिच्छेद लिहून. टी-टू म्हणजे टायपिंगचा वेग, ज्याचा वार स्क्रीनवर आधी उमटला तो आधी. आम्ही खेळायचो त्या टी-वनमध्ये बहुतेक वेळा पंच नसायचाच, दोघांनी मिळून ठरवायचं. आणि मग फाइट चार दिवस आणि "तुझी पोस्ट व्हॉइड" (म्हणजे रद्द), "नाही तुझीच व्हॉइड" हे भांडण चार आठवडे. त्याला कंटाळून पंच आणले, पण पंचांनी काय बघायचं ते कुणी नीट ठरवलंच नाही, म्हणून आज हा धागा निघालाय.

तिसरा_पंच

मी बऱ्याच टूर्नामेंटमध्ये पंच म्हणून बसलोय (ही फाइट माझ्याकडे नव्हती), तर मी कसं वाचतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

पहिलं वाचन सरळ, हातात पेन नाही, गोष्ट वाचावी तसं. दुसऱ्या वाचनाला शेजारी कागद घेतो आणि प्रत्येक पोस्टला पाच गोष्टी टिपतो: कोण कुठे उभा, दोघांत अंतर किती, हातात काय, कुठे लागलंय आणि बायोतलं काय वापरून झालं. इतकंच. गंमत म्हणजे पहिल्या वाचनात जी पोस्ट जबरदस्त वाटलेली असते ती दुसऱ्या वाचनात कागदावर उतरतच नाही. एक उदाहरण, एका फाइटमध्ये मी टिपलेलं होतं "अंतर दहा पावलं, तलवार म्यानात", आणि पुढच्याच पोस्टमध्ये पहिल्याच वाक्यात तलवारीचं पातं समोरच्याच्या गळ्याशी. मधली दहा पावलं कुठे गेली? म्यानातून तलवार कधी निघाली? वाक्य इतकं देखणं होतं की पहिल्या वाचनात मला ते जाणवलंसुद्धा नाही आणि बाकी दोन पंचांनाही नाही, मी कागद दाखवला तेव्हा कुठे लक्षात आलं.

तर भालाईत, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. वार केला आणि त्याला उत्तर आलं नाही तर तो लागला असं मी धरतो, तेही वार करणाऱ्याने जेवढा वर्णन केलाय तेवढा पूर्ण. उत्तर न देणं म्हणजे चुकवणं नव्हे. हा नियम लिहून ठेवला नसेल तर पोस्ट विसरणाऱ्याचाच फायदा होतो, आणि मग सगळेच विसरायला लागतात.

अजून एक, वार अंगावर घेणं याला मी मार्क देतो. पुष्कळ लोक समजतात की ज्याला कमी लागलं तो पुढे. माझ्या कागदावर उलटं असतं. समोरच्याने चांगला डाव टाकला, याने तो मान्य केला, त्यातून पुढची हालचाल वेगळी केली, लंगडत, एका हाताने, जे काय असेल ते, तर तो पुढे.

नवीन_पान

मी अजून एकच फाइट खेळलेय त्यामुळे प्रश्न भाबडा वाटेल. वार घेतल्याला मार्क असतील तर कुणी चुकवेलच कशाला? सगळे उभे राहून मार खातील ना?

जुनी_वही

भाबडा नाही, बरोबर प्रश्न आहे. चुकवायचं जरूर, पण चुकवणं फुकट नसतं हे लक्षात ठेव. डावीकडे उडी मारलीस तर आता तू डावीकडे आहेस, तोल थोडा गेलाय, हातातलं सांभाळावं लागतंय, दम लागलाय. ही किंमत लिहिलीस तर तुझं चुकवणं खरं. "तिने अलगद वार चुकवला" आणि परत होती तिथेच उभी, हे दर पोस्टला होत राहिलं तर त्याला आम्ही गॉडमोडिंगच म्हणतो, भले तिच्याकडे कुठली जादू नसली तरी. लोकांना वाटतं गॉडमोडिंग म्हणजे मोठमोठ्या शक्ती. छे, गॉडमोडिंग म्हणजे कशाचीच किंमत न मोजणं.

रिंगच्या_कडेला

बॉक्सिंग बघणारा माणूस म्हणून लिहितो, कारण तिथे हे सगळं रामायण घडून गेलंय.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लाइट मिडलवेटच्या फायनलला अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनिअर कोरियाच्या पार्क सी-हुनविरुद्ध ३-२ असा हरला. मोजणी केली तर जोन्सचे लागलेले ठोसे ८६ आणि पार्कचे ३२. एवढा गदारोळ झाला की १९९२ च्या बार्सिलोनापासून मशीन आणलं. पाच पंच, प्रत्येकासमोर बटणं, आणि एका सेकंदाच्या आत पाचातल्या तिघांनी बटण दाबलं तरच गुण. वाटलं की आता वशिला नाही, चूक नाही, सगळं आकड्यात. झालं काय? पोटावरचे ठोसे, जवळून मारलेले चार-पाच ठोशांचे सपाटे, यात तिघांची बटणं एका सेकंदात जुळायची नाहीत, मग खेळाडू लांबून एक टपली मारून मागे सरकायला शिकले. कारण टपलीला गुण मिळतो. शेवटी २०१३ मध्ये ती मोजणी सोडून १० गुणांच्या पद्धतीकडे गेले, म्हणजे प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा कमी.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणेल शुद्धलेखनाला १०, कल्पकतेला २०, डावपेचाला ३० असा तक्ता करा. तक्ता केला की लोक तक्त्यासाठी लिहिणार.

मला जास्त पटते ती एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्सची) पद्धत. त्यांच्या नियमात निकष एकापाठोपाठ एक लावतात, बेरीज करत नाहीत. आधी बघायचं कुणाचे ठोसे आणि पकड यांचा खरा परिणाम झाला. त्यात दोघं अगदी सारखे असतील तरच आक्रमकता बघायची, आणि तिथेही सारखे असतील तरच रिंगवर ताबा कुणाचा होता ते. आपल्याकडे असंच करा. आधी, समोरच्याच्या पोस्टला उत्तर दिलं का आणि जे घडलं ते धरून पुढे गेला का. तिथे सारखे असतील तर डावपेच. तिथेही सारखे असतील तर मग लेखन.

भालाईत

हे मला फार आवडलं. म्हणजे लेखन बाद नाही, पण ते शेवटी येतं.

शाईचा_डाग

मला नाही पटलं, आणि जरा सविस्तर लिहितो कारण इथे सगळे एकाच बाजूला झुकलेत.

तुम्ही सगळे असं बोलताय की जणू लेखनाच्या मागे कुठेतरी खरी लढाई चाललीये आणि लेखन हा तिच्यावर चढवलेला रंग आहे. नाही हो. लढाई म्हणजे ती वाक्यंच. भाला नाही, विहीर नाही, खांदा नाही, फक्त वाक्यं आहेत. बॉक्सिंगमध्ये पंच डोळ्याने ठोसा बघतो, इथे पंचाला ठोसा दिसतो तो वाक्यातून. मग वाक्य धूसर असेल तर ठोसाही धूसर.

दोन ओळी देतो. "तिने जोरात भाला मारला." आणि "तिने उजवा पाय मागच्या पायरीवर रोवला आणि सगळा भार त्यावर घेऊन भाला खालून वर, त्याच्या काखेच्या दिशेने सोडला." दुसरी ओळ सुंदर आहे म्हणून चांगली असं मी म्हणत नाहीये. दुसऱ्या ओळीत समोरच्याला कळतं की वार खालून येतोय, भार मागच्या पायावर आहे, म्हणजे पायरीवरून तो पाय घसरवला तर वार फसेल. त्याला उत्तर द्यायला जागा मिळते. पहिल्या ओळीला उत्तर काय द्यायचं? जोरात कुठे, कुठून, किती लांबून? तो त्याला हवं ते समजणार आणि मग तुम्ही म्हणणार याने टाळलं. स्पष्ट लिहिणं हाच या खेळातला पहिला डाव आहे, त्याला तिसऱ्या नंबरवर कसं टाकता?

आणि एक सांगतो, फक्त कागदावरचा हिशोब जिंकवायला लागलात तर फाइट हिशोबाच्या वहीसारख्या होतील. "अंतर चार पावलं, उजवा हात जखमी, डाव्या हाताने वार." कोण वाचणार?

तिसरा_पंच

शाईचा_डाग, स्पष्टतेचं शंभर टक्के मान्य. पण मग लेखनाचे दोन भाग करा ना. समोरच्याला वार कळेल असं लिहिणं हे पहिल्या निकषात, कारण ते त्याच्याशी प्रामाणिक असण्यात मोडतं. धुक्याचा वास, विहिरीतला अंधार, मनातले विचार हे तिसऱ्यात. माझ्या अनुभवात निकाल बिघडतात ते या दोन गोष्टी एकाच "लेखन" नावाखाली घातल्यामुळे. वातावरण छान जमलं की पंचाला बाकी सगळंच छान दिसायला लागतं. याला मानसशास्त्रात हेलो इफेक्ट म्हणतात, थॉर्नडाइक नावाच्या माणसाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले तेव्हा हेच दिसलं होतं, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, सगळ्याचे मार्क एकत्रच वर किंवा एकत्रच खाली.

शाईचा_डाग

दोन भाग करणार असाल तर माझा विरोध अर्धा संपला. अर्धा आहे अजून.

बेरीजवजाबाकी

एक गोष्ट कुणीच बोललं नाही, तीन पंचांचे मार्क एकत्र कसे करता?

समजा शंभरपैकी मार्क आहेत. पहिला पंच: अ ८२, ब ८०. दुसरा पंच: अ ७८, ब ७६. तिसरा पंच: अ ६०, ब ८५. बेरीज केली तर अ २२० आणि ब २४१, म्हणजे ब आरामात जिंकला. पण तीन पंचांपैकी दोघांना अ सरस वाटलाय. तिसरा पंच दोघांच्या मार्कांत मोठं अंतर ठेवतो आणि पहिले दोघं थोडंच ठेवतात, म्हणून एकट्या तिसऱ्याचं मत बाकी दोघांना खाऊन टाकतं. त्याने मुद्दाम केलं असेल असंही नाही.

म्हणून नॉकआउट फाइटला मार्कांची बेरीज करूच नये, प्रत्येक पंचाने एक नाव द्यावं आणि दोन नावं ज्याची तो पुढे. मार्क हवेतच असतील तर ते खेळाडूला सुधारणा कळावी म्हणून ठेवा, निकालात मिसळू नका. फिगर स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या पंचांच्या वादानंतर ६.० पैकी मार्क द्यायची जुनी पद्धत जाऊन नवी आली, त्यात सर्वात जास्त आणि सर्वात कमी मार्क काढून टाकून उरलेल्यांची सरासरी घेतात. पण ते नऊ पंच असतात तेव्हा. तिघांतले दोन काढले तर एकच उरतो.

आणि वाचायचा क्रम! ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांवर १९९६ मध्ये एक पेपर आला होता. वाजवायचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरायचा तरी पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागे पडायचे आणि नंतरच्या दिवशी वाजवणाऱ्यांना फायदा व्हायचा. आपले पंच आठ फाइट एका बैठकीत वाचतात, पहिलीला एक मोजपट्टी आणि आठवीला दुसरी. निदान प्रत्येक पंचाने वेगळ्या क्रमाने तरी वाचाव्यात.

नवीन_पान

आमच्या इथे सरळ पोल टाकतात, ज्याला जास्त मतं तो जिंकला. ते कसं?

जुनी_वही

ज्याचे मित्र जास्त तो जिंकला.

वाळूचा_नकाशा

रोलप्लेपेक्षा वॉरगेमिंगवाला आहे मी, पण हा वाद वाचून राहवलं नाही कारण हा वाद जवळजवळ दीडशे वर्षं जुना आहे.

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने क्रीगश्पील हा नकाशावरचा युद्धखेळ सादर केला. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून पंचाला द्यायच्या, पंच तक्ते बघून आणि फासे टाकून कुणाची किती माणसं पडली ते सांगायचा. म्हणजे वार लिहिणारा वेगळा आणि परिणाम सांगणारा वेगळा, तुमच्यासारखंच, फक्त परिणाम समोरचा न सांगता पंच सांगायचा. पुढे नियम आणि तक्ते इतके वाढले की अनुभवी अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, पंच अनुभवी असेल तर तो स्वतःच्या समजेने निकाल देईल. त्याला फ्री क्रीगश्पील म्हणतात.

आता या मोकळ्या पद्धतीचा जीव कशात आहे तर पंचाला बोलावं लागतं यात. तक्ता असला की पंच तक्त्याकडे बोट दाखवू शकतो. तक्ता नसला की त्याला सांगावंच लागतं की तुझी तुकडी पुलावर अडकली कारण अमुक. तुम्ही तक्ता तर काढून टाकलात, फासे नाहीत, आणि पंचाचं स्पष्टीकरणही दोन ओळींचं. मग खेळाडूच्या हातात राहिलं काय?

वेळापत्रक

आयोजकाच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितेय. मी तीन टूर्नामेंट चालवल्यात.

१६ जण असले की पहिल्या फेरीत ८ फाइट. प्रत्येकी ५ पोस्ट म्हणजे एका फाइटला १० पोस्ट, ५०० शब्दांच्या धरल्या तर ५,००० शब्द. आठ फाइटचे ४०,०००. तिसरा_पंच म्हणतो तसं दोनदा वाचायचं म्हणजे ८०,०००. हे एका फेरीचं, आणि पंच नोकरी-कॉलेज सांभाळून, हौसेने, फुकट करतात. मग दोन ओळींचा निकाल येतो तो माणूस वाईट आहे म्हणून येत नाही, तो रात्री दीड वाजता सातवी फाइट संपवून लिहितोय म्हणून येतो. मला तो राग कळतो भालाईत, पण त्या पंचालाही मी ओळखते असं समज, असे खूप आहेत आणि ते हळूहळू पंच व्हायचं सोडून देतात.

त्यामुळे मी आता काय करते ते सांगते. प्रत्येकी ४ पोस्ट, ४०० शब्द. म्हणजे ३,२०० शब्दांची फाइट, पहिली फेरी २५,६०० वर येते. प्रत्येक पंचाकडे सगळ्या फाइट देत नाही. आणि निकालात किमान तीन पोस्टचे नंबर लिहिल्याशिवाय मी तो जाहीरच करत नाही. कुठल्या पोस्टला पारडं फिरलं, कुठे चूक झाली, कुठे वार चांगला घेतला. तीन वाक्यं पुरतात पण नंबर हवेत.

शेवटच्या पोस्टचं पण. ज्याची शेवटची पोस्ट त्याने नवीन हल्ला करायचा नाही, फक्त आलेल्या वाराला उत्तर द्यायचं आणि थांबायचं. हल्ला केलाच तर पंचाने तो वाचलाच नाही असं धरायचं. हा नियम आधी जाहीर करावा लागतो, मागाहून लावला की भांडणं. डेडलाइनचंही तसंच, ४८ तास म्हणजे ४८ तास, उशीर झाला तर पोस्ट गेली, मित्र असला तरी.

रिंगच्या_कडेला

पोस्ट नंबरची अट झकास आहे.

धुकट

मी त्या सेमीफायनलमधला दुसरा. दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

खांदा मी विसरलो नव्हतो. माझ्या कच्च्या मसुद्यात तो होता. भाला खांद्याला लागतो, श्वास अर्धवट तुटतो, त्यामुळे अर्धाच हात धूसर होतो आणि बाकीचा तसाच राहतो, असं जवळपास ऐंशी शब्दांचं लिहिलेलं. मला ते स्वतःला फार आवडलं होतं. पण पोस्ट ५७० शब्दांची झाली, डेडलाइनला वीस मिनिटं होती, आणि मी कापायला बसलो तेव्हा विहिरीचं वर्णन ठेवलं आणि तो भाग काढला. आधीच्या फेरीत माझ्या निकालात "वातावरण उत्तम" असं आलं होतं, म्हणून वाटलं पंचांना हेच हवंय, हे ठेवू. रिंगच्या_कडेला यांनी टपलीचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं.

भालाईत, तुझा वार चांगला होता. माझ्या बायोतला श्वास पकडून वार करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी त्याला उत्तर दिलं नाही हे चुकलंच.

भालाईत

थँक्यू. खरंच. तो तुटलेल्या श्वासाचा भाग असेल तर टाक ना इथे, वाचायचाय.

तिसरा_पंच

दोघांची हरकत नसेल तर मी ती फाइट कागद घेऊन वाचतो आणि निकाल कसा लिहिला असता ते इथे देतो. अधिकृत काही नाही.

धुकट

माझी हरकत नाही.

भालाईत

माझीही नाही.

तिसरा_पंच

वाचली, दोनदा. पोस्ट १ ते १० असे सलग नंबर धरलेत, विषम भालाईतच्या, सम धुकटच्या.

पोस्ट ५ हा फाइटमधला सर्वात चांगला डाव. बायोतली उणीव ओळखून, आधीच्या दोन पोस्टमध्ये रेटत रेटत भिंतीपर्यंत आणून केलेला वार. पोस्ट ६ मध्ये उत्तर नाही, म्हणून लागला असं धरलं, उजवा खांदा निकामी. त्यामुळे दोरावरचं चढणं मी एका हाताचं धरलं, म्हणजे धुकट वर पोहोचला पण दमलेला.

आता पोस्ट ७. भालाईत, त्याला गाठायला तू बारा पायऱ्या दोन-दोन करत धावत चढलीस. तुझा डावा गुडघा अधू आहे. पोस्ट १ मध्ये तू त्यावर अख्खा परिच्छेद लिहिलायस, पोस्ट ३ मध्ये उतरताना भाल्याचा आधार घेतलायस, आणि पोस्ट ७ मध्ये तो गुडघा कुठेच नाही. ही पण किंमत न मोजणंच झालं.

पोस्ट ८ मध्ये धुकटने धुकं पायऱ्यांवर खाली सोडलं आणि तुला पायरी मोजायला लावली, हा डाव स्वच्छ होता आणि पोस्ट ९ मध्ये तू तो नीट घेतलास, दोन पायऱ्या चुकून पडलीस, भाला सुटला. दोघांचं ते काम छान. पोस्ट १० मधला नवा हल्ला मी धरला नाही.

पहिल्या निकषावर दोघांच्याही चुका. पण पोस्ट ६ ची चूक समोरच्याचा वार गिळून टाकणारी, पोस्ट ७ ची स्वतःची मर्यादा विसरणारी. मी पहिलीला जास्त धरतो. माझं मत भालाईत, अगदी थोडक्यात.

शाईचा_डाग

मी पण वाचली आणि माझं मत धुकट. वातावरणासाठी नाही हं. पोस्ट ५ परत वाचा, ते वाक्य असं आहे: "भाला खांद्याच्या रोखाने गेला आणि भिंतीवर ठिणगी उडाली." भिंतीवर ठिणगी उडाली म्हणजे टोक भिंतीला लागलं. मग खांद्याला लागलं की खांद्याला चाटून भिंतीला? वार करणाऱ्यानेच तो भिंतीवर संपवलाय. अनुत्तरित वार "वर्णन केलाय तेवढा" लागला असं धरायचं तर वर्णनात भिंतच आहे.

तिसरा_पंच

ठिणगीचं माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी तो चाटून गेला असं धरलं तर खांदा निकामी नाही, जखमी. तरी दोन्ही हातांनी सरसर चढणं जमत नाही. मत बदलत नाही, पण फरक अजून कमी झाला.

शाईचा_डाग

माझंही बदलत नाही.

भालाईत

ठिणगी मी का लिहिली ते आठवतंय. विहिरीत अंधार होता आणि मला तिथे क्षणभर उजेड हवा होता, वाक्य छान वाटलं म्हणून ठेवलं. आणि गुडघा मी खरंच विसरले होते, तिसरा_पंच यांनी लिहीपर्यंत मला कळलंही नव्हतं. इतके दिवस मी स्वतःची फाइट मनात घोळवतेय आणि दर वेळी त्या पायऱ्या धावतच चढतेय.

धुकट, परत खेळूया का? टूर्नामेंटबाहेर, फक्त आपण. ४-४ पोस्ट, ४०० शब्द, अनुत्तरित वार लागला, शेवटच्या पोस्टला नवा हल्ला नाही. पंच तिसरा_पंच आणि शाईचा_डाग हे दोघंच, आणि निकालात पोस्ट नंबर.

धुकट

खेळूया. जागा तीच?

भालाईत

तीच विहीर. सुरुवातीचं अंतर बारा पावलं, मी खाली, तू वरच्या कठड्यावर. पहिली पोस्ट तुझी, म्हणजे शेवटची माझ्याकडे येईल.

धुकट

चालेल. दोर ठेवायचा का?

भालाईत

ठेव. पण तो किती कुजलाय ते पहिल्या पोस्टमध्ये लिही.